आधी रक्त, मग सुपारी

मुरबाडपासून धसईपर्यंत सुपारी फोडायला बसलेली मंडळी यमाला भ्यायची नाहीत इतकी आमच्या दाजींना भ्यायची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचे. दिसायला गरीब, बोलायला गोड, पण कुणाची सोयरीक जुळतेय असं कानावर आलं की खिशात सुया आणि काचपट्ट्या घालून न बोलावता हजर. लोक पत्रिका काढायचे, तर हे म्हणायचे, "ती ठेवा बाजूला. बोट पुढं करा." एकदा धसईला नवऱ्यामुलाचा मामा भडकला, "रक्त कशाला? आमी काय चोर हाव का?" दाजी शांतपणे म्हणाले, "चोर नाय हो. पण नकलेत चूक असली तर बघायला नको?" मामाला काही कळलं नाही, पण चहा येईपर्यंत त्याचंच बोट टोचून झालं होतं.

नक्कल हे दाजींचं वेड. त्र्याण्णव साली बारावीला मी मुरबाडला ताईकडे राहिले, आणि डीएनएचा धडा काही केल्या डोक्यात शिरेना. दाजींनी ते भलतंच मनावर घेतलं आणि अख्ख्या घराची पेशी करून टाकली. आतल्या खोलीतलं कपाट म्हणजे केंद्रक. त्यात कुलूपबंद वही, चारच अक्षरांनी पानंच्या पानं भरलेली, तो डीएनए. वही कपाटाबाहेर न्यायची नाही. हवा तेवढाच उतारा कपाटापाशी उभं राहून, अक्षरासमोर त्याच्या जोडीचं अक्षर लिहीत, चिठ्ठीवर उतरवायचा. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. ती घेऊन ओटीवर यायचं. तिथे मी रायबोसोम होऊन बसलेली. अक्षरं तीन-तीन करून वाचायची, दर तिनांना एक मणी ओवायचा, आणि माळ पुरी झाली की प्रोटीन तयार! मणी म्हणजे अमिनो आम्लं, म्हणून वीस रंगांचे हवे होते. बांगडीवालीकडे निघाले चौदा. उरलेले सहा दाजींनी ताईच्या नेलपॉलिशने रंगवले. ती ते अजून बोलून दाखवते. मणी आणून द्यायचं काम तिच्याकडेच होतं. एका खेपेला एकच, आणि चिठ्ठीत मागितलेलाच. ती वैतागायची, "मूठभर आणते की एकदम!" त्यावर दाजी, "ही काय मुरबाडची जीप हाय, अठरा जण कोंबल्याशिवाय हलत नाय ती? हितं एक गाडी, एकच पाशिंजर, आणि तोही ठरलेला." काम झालं की चिठ्ठी चुलीत, कारण पेशीही ती फार दिवस ठेवत नाही. त्या नादात एकदा ताईच्या सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठीही चुलीत गेली आणि दाजींना पुन्हा डॉक्टरांकडे पळावं लागलं.

हे सगळं निव्वळ खूळ नाही, हे मला हिमोग्लोबिनची माळ ओवताना कळलं. एकशे सेहेचाळीस मणी. सहाव्याला दाजींनी मला थांबवलं आणि चिठ्ठीतल्या तीन अक्षरांमधलं मधलं तेवढं बदललं. मणी बदलला, बाकीचे सगळे जिथल्या तिथे. "आता ही माळ दुसऱ्या माळंला चिकटणार," ते म्हणाले. "लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमधी अडकतात. दवाखान्यात पोरं कशी कळवळतात ते मी रोज बघतो." अशा वह्या प्रत्येकाकडे दोन, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते आणि माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण नवराबायको दोघांकडे एकेक चुकीची वही असली, तर प्रत्येक बाळाला त्या दोन्ही मिळण्याची शक्यता चारात एक. "माझी सोताची एक वही चुकीची हाय," दाजी म्हणाले, आणि पुढचा मणी मागितला.

पुढे नव्व्याण्णव साली मला भातसानगरचं स्थळ आलं. मुलगा धरणावर नोकरीला. स्थळ दाजींनीच आणलेलं. आम्ही दोनदा भेटलो. तो बोलता बोलता मधेच हसायचा, आणि मला तो फार आवडला, उगाच कशाला लपवू? त्याने बोट हसतच पुढे केलं. त्याची एक वही चुकीची निघाली. मी बारावीपासून दाजींची सुई चुकवत आले होते, आता सुटका नव्हती. माझं रक्त पक्क्या तपासणीला मुंबईला गेलं. निकाल आला तेव्हा दाजी आमच्या पायरीवर बसले आणि चहा तसाच निवू दिला. "तुझीबी एक चुकीची गो," ते म्हणाले. "मी सांगायचं ते सांगितलं. ठरवायचं तुमी दोघांनी." आम्ही दोघांनी ओटीवर बसून ठरवलं. नाही म्हणायचं. तो उठताना हसला नाही. मी दाजींशी वर्षभर बोलले नाही.

मग शहापूरला माझं लग्न झालं, अर्थात रक्त तपासून. नवरा चांगला आहे, पोरं धडधाकट आहेत, तक्रारीला जागा नाही. दाजी निवृत्त झाले आणि ताईला घेऊन आमच्याकडे चार दिवस राहायला आले. ताई आत भाजी निवडत होती. इतकी वर्षं मनात घोळत असलेलं मी एकदाचं विचारलं, "दाजी, ताईचं रक्त तुमी लग्नाआधी तपासलं होतं?"

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "नाय गो."

"अख्ख्या तालुक्याची बोटं टोचलीत की!"

"तिच्यात चूक निघाली असती तर मला तिला सोडावं लागलं असतं. माझी छाती झाली नाय. थोरली पोटात होती तवा तपासलं. निकाल येईस्तोवर मला जेवण जात नव्हतं." निकाल चांगला आला होता, हे त्यांना सांगावं लागलं नाही, भाच्या ठणठणीत आहेत.

मला राग यायला हवा होता. आलाही क्षणभर. मला जे सोडावं लागलं, ते या माणसाला स्वतःला सोडवलं नव्हतं. तेवढ्यात आतून ताई ओरडली, "अहो, गोळी घेतली का?" आणि दाजी शाळेतल्या पोरासारखे घाईघाईने खिसे चाचपू लागले.

"बरं केलंत दाजी, तिला नाही तपासलंत ते," मी म्हटलं. आणि मला खरोखरच तसं वाटलं.