बळीचा वाटा

त्या काळात मी स्वतःला फार शहाणा समजायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी राजुऱ्याचा, पंचविशीतला. जिवतीकडच्या डोंगरात वीसेक घरांचा एक गुडा, म्हणजे पाडा, होता, तिथल्या नव्या ख्रिस्ती माणसांना धर्म शिकवायला मला पाठवलेलं. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे आणि मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयागाची उपासना, करायचे. बाकीचे दिवस देवाचा वकील मीच.

"मिस्सा म्हणजे बळीही आणि जेवणही," मी एकदा ठणकावून सांगितलं. "येशूनं स्वतःचा बळी दिला, अन् तोच आपण भाकरीच्या रूपात खातो."

"बळी म्हणता, त कोंबडा कुठी हाये?" पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं.

सगळे खो खो हसले. माझं डोकंच फिरलं. कोंबडा नाही, बकरा नाही, येशू स्वतःच बळी, एकदाच आणि सगळ्यांसाठी, असं मी तिला अर्धा तास झापलं.

"सगळ्याइसाठी?" तिनं खुंटा हलवून पक्का केला.

"सगळ्यांसाठी!" मी म्हणालो. घ्या, आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला.

ती आणि तिचा नवरा, दोघांचा बाप्तिस्मा इस्टरला झाला होता. पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली ती भाकर, मात्र पावसाळा संपल्यावर मिळायचा होता. त्यासाठी मी ज्वारीच्या भाकरीचे तुकडे वाटून तालीम घेतली. हात असा पुढं करायचा, आमेन म्हणायचं, लगेच तोंडात. इकडंतिकडं बघायचं नाही. पोलीस भरतीत एवढी कवायत नसेल.

प्रसादाच्या दिवशी फादरांनी म्हातारीच्या तळहातावर ती पातळ पांढरी भाकर ठेवली. तिनं खणखणीत आमेन म्हटलं, बाजूला सरकली, कमरेला खोचलेलं पळसाचं पान काढलं, भाकर त्यात गुंडाळली आणि निघाली तरातरा घराकडं!

फादरांना कळलं तर? सहा महिन्यांची मास्तरकी मातीत. लोक गाणं म्हणत होते, तेवढ्यात मी सटकलो.

"अवो बाई, थांबा! काय करून राह्यल्या तुम्ही?"

"दिसत नाई काय? बुढ्याचा वाटा नेऊन राह्यली."

"ते तिथीच खायचं असते!"

"मी तिथी खाल्लं असतं, त बुढ्यानं काय खाल्लं असतं? पाय धरले त्याचे, उठता येत नाई. बळी सगळ्याइसाठी म्हणे ना तू? आमच्यात पूजेचा वाटा घरी पडल्याले पानात बांधून नेतात. भांडण असलं तरी नेतात. नाई नेला त देव कोपते."

"पण बाई, हा तुमचा वाटा होता."

"मंग? माहाच नेऊन राह्यली ना? तुह्या बापाचा नेला काय?"

कपाळ माझं! मी तिच्या मागं मागं निघालो. तिच्या दारात पोचलो तर मागून पांढरा झगा सावरत फादर. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

आत खाटेवर म्हातारा पडलेला. फादरांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मास्टर, ये कब से बीमार है?"

"तीन महिने झाले," म्हातारीच बोलली.

"मुझे बताया क्यों नहीं? बीमार के घर प्रसाद लेके आना, ये तो मेरा काम है."

रोज दोन वेळा त्या दारावरून जायचो. म्हातारा धड्याला येत नाही म्हणून वहीत त्याच्या नावापुढं फुली मारायचो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फादर गुडघ्यावर बसले. प्रार्थना झाली. त्यांनी पान उघडलं आणि भाकर म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तोंडाजवळ नेली आणि थांबला.

"तुनं खाल्ली काय वो?" त्यानं बायकोला विचारलं.

"नाई. हे तुह्यासाठी."

त्यानं भाकरीचे दोन तुकडे केले आणि अर्धा तिच्यापुढं धरला. फादर काही तरी म्हणायला गेले, मग मान खाली घालून त्यांनी हात जोडले. दोघांनी खाल्लं. तळहाताला चिकटलेला कणही म्हाताऱ्यानं जिभेनं टिपला.

मग त्याचं दाराशी उभ्या माझ्याकडं लक्ष गेलं.

"मास्तर, तुमाले भेटली ना?" त्यानं काळजीनं विचारलं.

मी मान डोलावली. मी रांगेत सगळ्यांच्या आधी उभा होतो.