पंच्याऐंशी किलोंची जागा

“सॉरी पवार, तुम्हाला नेता येणार नाही. पंच्याऐंशी किलो जास्त होतायत,” कॅप्टन मॅडम लोडशीटवर, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तक्त्यावर, बोट ठेवून म्हणाल्या. कोल्हापूर विमानतळ, मे महिन्यातली दुपार, हैदराबादचं विमान सुटायला पन्नास मिनिटं.

मी फ्लाइट डिस्पॅचर. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती इंधन नेईल, हे हैदराबादच्या ऑफिसात बसून ठरवतो. प्लॅनवर कॅप्टनच्या आधी माझी सही असते. पायलटला घरी जायचं असलं की कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, म्हणजे जंपसीटवर, सहज बसता येतं. आम्हाला ती वर्षातून एकदाच मिळते, तीही काम पाहण्यासाठी. जाऊन येऊन दोन्ही फेऱ्या झाल्या नाहीत, तर सहीचा अधिकार जातो. माल चढवणारा लोडर म्हणून लागून, रात्री अभ्यास करून मी तो मिळवला होता. माझी मुदत त्याच दिवशी संपत होती. आदल्या दिवशी येताना पहिली फेरी झाली होती. उरली होती ही एक.

उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमान कमी वजन उचलतं. त्यात संध्याकाळी हैदराबादला वादळाचा अंदाज, म्हणून तीस मिनिटांचं जादा इंधन. इंधन अजून भरायचं होतं. मी ऑफिसात प्राचीला फोन लावला. ती माझ्याच हाताखाली शिकलेली.

“प्राची, जादा इंधनातलं शंभर किलो काढ.”

“सर, वादळ असलं तर तीस मिनिटं हा नियम तुम्हीच साहेबांशी भांडून करून घेतलात.”

“मला नियम शिकवू नकोस!”

“मग लेखी पाठवा. तुमच्या सहीने.”

मी फोन आपटला. रागाने कान तापले होते. पण लेखी काय पाठवणार? दुसऱ्या कुणी मागितलं असतं, तर मी त्याची सालटी काढली असती.

आमच्या कंपनीच्या कोल्हापूरच्या स्टेशन मॅनेजरकडे गेलो. पायलटांना कशी जागा मिळते यावर दोन मिनिटं तोंडसुख घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “माल उतरवून देतो. पण मालकाचा होकार तुम्ही आणा.”

माल चपलांचा होता. मालक शब्बीरभाई कार्गोच्या काउंटरवर पावती घेत उभे. मी लोडर होतो तेव्हापासूनची ओळख.

“शब्बीरभाई, चार खोकी उद्या पाठवा की.”

“आन् ते का म्हणून?”

“मला बसायचंय.”

“मग तुमी जावा की उद्या. चपला काय जेवाय मागत न्हाईत, पर गिऱ्हाईक माझं डोस्कं खातंय!”

“आज गेलो नाही तर सहीचा अधिकार जातो. दिवसभर नुसता हवामान वाचत बसेन.”

ते हसले. “सगळी इमानं तुमी सोडताय, आन् तुमास्नीच बसाय जागा न्हाय व्हय?”

झोंबलं, पण गिळलं. “बोला, काय पाहिजे?”

“दोन खोकी काढा.”

“दोनांनी भागत नाही. खोकं बावीस किलोंचं. चार.”

“चार काढा, पर उद्या पयली माझी चढली पायजेत. आन् तुमच्या सायबानं गिऱ्हाइकाला सोता फोन करायचा. माझं न्हाय ऐकत त्यो.”

मॅनेजरने कुरकुरत आपल्या टेबलावरूनच त्या गिऱ्हाइकाला फोन लावला. खोकी उतरली, लोडशीट नवी झाली. कॅप्टन मॅडमनी आकडे दोनदा पाहिले आणि मानेनेच ‘या’ म्हटलं.

जंपसीट म्हणजे भिंतीतून ओढून काढलेली फळीच. गुडघे हनुवटीला लागतात. पट्टा आवळला, चाकं धावपट्टीवरून सुटली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. हैदराबादला उतरल्यावर मॅडमनी माझ्या फॉर्मवर सही केली.

ऑफिसात प्राचीला म्हणालो, “बरोबर केलंस.” तिने पुढच्या विमानाचा प्लॅन सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

पायलटांसारखी जागा आम्हालाही मिळावी, असा अर्ज मी दरवर्षी करतो. उत्तर येत नाही. माझी फेरी मात्र आता डिसेंबरच्या थंडीत उरकतो.