किंकाळीकाकू

स्टुडिओत त्यांना सगळे किंकाळीकाकू म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. घरी मात्र या बाईचा आवाज कधी स्वयंपाकघराबाहेर गेला नव्हता. शेजारणीला हाक मारायची तरी त्या जिना उतरून जात. पण भुताखेतांच्या, जादूटोण्याच्या किंवा परग्रहावरच्या सिनेमाचा ट्रेलर निघाला की काकूंना बोलावणं ठरलेलं. पडद्यावरच्या नट्या दिसायला देखण्या, पण ओरडल्या की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारख्या. मग ट्रेलरपुरता आवाज काकूंचा.

त्यांची कामाची रीत साधी. चपला दाराबाहेर काढायच्या, दोन घोट कोमट पाणी प्यायचं आणि माइकसमोर उभं राहून एवढंच विचारायचं, "भूत समोर आहे की मागे?" समोरच्या भुताला वेगळी किंकाळी, मागच्याला वेगळी. एकदा यानातून अंतराळात फेकल्या गेलेल्या बाईसाठी ओरडायचं होतं. तेव्हा कोणी एक शहाणा म्हणाला, अंतराळात आवाज पोचतच नाही. "मग मला कशाला बोलावलंत?" काकू म्हणाल्या आणि अशा ओरडल्या की शहाण्याच्या हातातला चहा सांडला.

हे ट्रेलर साऱ्या गावाने पाहिले, पण आवाज कोणी ओळखला नाही. पोटच्या मुलानेसुद्धा नाही. ओळखला तो पाच वर्षांच्या नातीने. सुनेच्या फोनवर एक ट्रेलर लागला होता. नात खेळता खेळता थबकली आणि तिने भोकाड पसरलं. "आजीला कोण मारतंय?"

समजावून समजावून सगळे थकले. आजी धडधाकट समोर बसलेली, तरी पोरीचा विश्वास बसेना. काकू कामाला निघाल्या की ती दारात आडवी होई, रडून घर डोक्यावर घेई, जेवणाला तोंड लावत नसे. शेवटी सून चाचरत म्हणाली, "आई, राग मानू नका, पण हे काम सोडून द्याल का? हिने फार जिवाला लावून घेतलंय हो."

काकूंना राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. जन्मभर हळू बोलत आलेल्या त्या बाईला मनसोक्त ओरडायला जगात तेवढी एकच जागा होती. आणि नात म्हणजे तर जीव की प्राण. रात्रभर विचार करून त्या म्हणाल्या, "एकदा तिला सोबत नेते. बघू दे कसं चालतं ते. तरीही रडली, तर सोडून देईन."

स्टुडिओत रेकॉर्डिंगवाल्याने नातीला काचेपलीकडे आपल्या शेजारी बसवलं, बटणं दाखवली, बिस्किट दिलं. आजीने काचेतून हात हलवला, नातीनेही हलवला. काकूंना जरा हायसं वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि किंकाळी फोडली.

डोळे उघडतात तो नात आत. उंच खुर्चीवरून उतरून, ते जड दार ढकलून ती आजीच्या आणि माइकच्या मध्ये हात पसरून उभी होती. आणि माइकला दरडावत होती, "माझ्या आजीला सोड. नाहीतर बाबांना सांगेन."

काकू मटकन खालीच बसल्या. इतकी वर्षं त्या जिवाच्या आकांताने ओरडत आल्या होत्या, आणि कोणी धावून येईल असं त्यांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी पोरीला कुशीत ओढलं. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही.

"कोणी नाहीये गं इथे, राणी. हे सगळं खोटं खोटं."

"मग मी इथेच थांबते," नात म्हणाली.

काकू उठल्या, तिचा हात धरला आणि पुन्हा ओरडल्या, अगदी बेंबीच्या देठापासून. नात रडली नाही. आजीच्या तोंडाचा केवढा तो आ बघून खुदकन हसली.

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "काकू, आवाज खणखणीत आलाय. पण यात भीती कुठेय?"

"ती आता कुठून आणू?" काकू म्हणाल्या.