फोटोतून कापलेला हात

१६ मार्च १९९९, मंगळवार. रोह्याच्या स्टेशनाजवळचं कॉम्प्युटर सेंटर. हजर तिघे: पेणच्या गणपती कारखान्याचे शेठ, सेंटर चालवणारा त्यांचा पुतण्या आणि मी. चोवीस मूर्तींचे चोवीस फोटो स्कॅन करायचे, इंटरनेटवर चढवायचे, तिथून त्यांची एक पीडीएफ फाईल करून घ्यायची आणि ती परदेशातल्या व्यापाऱ्याला ईमेलने पाठवायची. आकार तीनशे साठ रुपये.

मला फोटोंचे नंबर सांगायला नेलं होतं. खुर्च्या दोन. मी उभा.

पहिल्या फोटोत मूर्तीच्या कडेला माझा हात आला होता. उजवा. कुंचला धरलेला. बावीस वर्षं त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मीच करत होतो.

पुतण्या म्हणाला, "काका, हात बघा कसा काळाकुट्ट. मिठागरावरचा वाटतो."

"मिठागरावरचाच आहे. काप," शेठ म्हणाले.

दोघं हसले. माझा बाप मिठागरात राबून मेला, हे शेठना ठाऊक होतं. एक क्लिक. हात गेला.

खोटं कशाला बोलू, रागाच्या आधी मला हेवा वाटला. तेवीस वर्षांचा पोरगा. नखाला रंग नाही. शेठ त्याला "आमचा कलाकार" म्हणत होते. मला बावीस वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत. मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. आधी काय दाबतो, मग काय दाबतो, सगळं पाठ करत होतो.

मग त्याने पानं लावली. एका पानावर दोन मूर्ती. त्या समोरासमोर याव्यात म्हणून त्याने प्रत्येक जोडीतला एक फोटो आरशात दिसावा तसा उलटवला. बारा फोटो उलटले. बारा डाव्या सोंडा उजव्या झाल्या. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, घरात बसवायला लोक कचरतात. आमच्याकडे ती मूर्ती होतच नव्हती.

अठराव्या फोटोत माझा हात राहून गेला होता. तो आता डावा दिसत होता.

"शेठ, हात डावा झाला. म्हणजे सोंडपण फिरली. बाराच्या बारा चुकल्या."

"तुला काय कळतं रे यातलं?" पुतण्या म्हणाला. "तू आपले डोळे काढ." त्याने तोही हात कापला. "हं. आता कुठाय डावा?"

मी पुन्हा बोललो नाही. तोंडावर आपटू दे, असं वाटलं. तेही इथे लिहून ठेवतो.

महिन्याभराने व्यापाऱ्याचा फोन आला. निम्मे गणपती उजव्या सोंडेचे, घेणार कोण? ऑर्डर रद्द. शेठनी सगळ्या कारागिरांसमोर माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"लिही, नंबर मी चुकीचे सांगितले, म्हणून भलतेच फोटो गेले. पोराचं सेंटर नवीन आहे. त्याचं नाव खराब होईल."

"आणि माझं?"

"तुला कुठलं आलंय नाव?"

मी कुंचला धुतला. पुसला. खिशात घातला.

"नंबर बरोबर होते. सही नाय करणार. आणि डोळे तुमचे तुम्ही काढा."

घरी बायकोने विचारलं, "आता खायचं काय?"

"हात हाय ना गो," मी म्हटलं. 

जुलैपर्यंत घरच्या पडवीत सहा मूर्ती झाल्या. सहा फोटो काढले. प्रत्येकात माझा हात मुद्दाम ठेवला. ते घेऊन त्याच सेंटरमध्ये गेलो आणि खुर्चीत बसलो.

"मी करून देतो," पुतण्या म्हणाला.

"नाय. मला येतं."

लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा पीडीएफ तयार होऊन आली. सहा पानं, सहा हात. सगळे उजवे. ती मी त्याच व्यापाऱ्याला, मार्चमध्ये पाठ केलेल्या पत्त्यावर पाठवली. त्याचं उत्तर काहीही येवो, त्या कारखान्यात पुन्हा डोळा काढणार नव्हतो. काढलेला नाही.

स्कॅनचे साठ, एक तास चाळीस मिनिटांचे शंभर. एकशे साठ रुपये पुतण्याच्या हातावर मोजले आणि पावती मागितली. त्याने नुसतं नाव लिहिलं. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि नावापुढे लिहिलं: मूर्तिकार.