विहिरीची कडी

आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला येणार नाही. मी नांदेडला अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते. बसस्टँडवर, कॉलेजच्या गेटवर... भानामती, अंगात येणं, उतारे — सगळ्यांवर बोलून झालंय, शिव्याही खाऊन झाल्यात. या ग्रुपवरचे भुताखेताचे किस्से मी आजवर फक्त हसायला वाचले. आज लिहितेय, कारण माझ्या लोकांत हे सांगायची सोय नाही.

आमचं शेत रेणापूरच्या पुढे. शेतात दगडी पायऱ्यांची विहीर. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ताईला आणि मला तिथेच पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक पायरीतल्या लोखंडी कडीला. कडी गावच्या लोहारानं केलेली, एका बाजूनं चपटी. हिरव्या पाण्यात दिसावी म्हणून आईनं तिच्यावर आपल्या इरकली लुगड्याचा लाल काठ गुंडाळला होता. आई गेली, काठ राहिला. बुडी मारून पायरीशी परत आलं की कडी दगडावर तीनदा वाजवायची. म्हणजे — आले. मग अप्पा वरून हात द्यायचे.

गाव बोलायचं, "पोरी हायत का बेडकं, अप्पा?"

अप्पा म्हणायचे, "बेडकंच हायत. तुमच्यावाणी काठावर बसून डराव डराव तर करत न्हाईत!"

ताई त्या विहिरीतून थेट अंदमानला पोचली. लोकांना डायव्हिंग शिकवायची आणि प्रवाळात राहणाऱ्या माशांचे फोटो काढायची. मला फोनवर चिडवायची, "तू माणसं सुधार, मी मासे बघते. मासे ऐकतात तरी." फोटो कसा काढतेस विचारलं तर म्हणाली होती, "त्याच्या मागं पळायचं नाही. त्याच्या घरापाशी गप थांबायचं. मासा घरी येतोच."

एका सकाळी ती पाण्यात उतरली आणि वर आली नाही. शोधलं, खूप शोधलं. प्रवाह जोराचा होता म्हणाले. काहीच सापडलं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. पण माती द्यायला माणूस तर हवं! 'आत्मा अडकलाय, शांती करू' म्हणत एक महाराज दारात आला, त्याला मी दारातूनच हाकललं. उन्हाळ्यात अप्पांनी ट्रॅक्टर लावला आणि विहिरीत मुरूम, काळी माती टाकायला सुरुवात केली. मी नांदेडहून मिळेल त्या गाडीनं धावले.

"अप्पा, काय करताय हे?"

"पोरीला माती देता आली न्हाई. हिला देतो." मग माझ्याकडे न बघता, "मी पव्हायला शिकवलं नसतं तर पोर जित्ती असती."

शेजारी उभे असलेले चुलते मान हलवत म्हणाले, "पोरीच्या जातीला पाणी दाखवूच न्हाई." त्यांना मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. पण विहीर बुजली, आणि अप्पांनी चुलत्यांचं ते वाक्य उचललं. उठता-बसता तेच. जेवण तुटलं, हातपाय वाळले. माझा बाप या एका वाक्यानं मरणार, हे मला दिसत होतं.

म्हणून मी अंदमानला गेले. ताईच्या खोलीत तिचा जुना कॅमेरा होता, तो घेतला, तिच्याच सोबत्यांकडून डायव्हिंग शिकले. हेतू सरळ होता — ताई जिथे शेवटची होती ती जागा अप्पांना दाखवायची. तिला ढकललं नाही अप्पा, तुम्ही तिला हे सगळं दिलंत, असं सांगायचं.

आणि खरंच, काय जागा होती ती! निळ्या उजेडात पिवळे पट्टेवाले मासे, जांभळी झाडं वाटावीत असं प्रवाळ. एका कपारीपाशी मी ताईनं सांगितलं तशी गप थांबले. पिवळा मासा आत गेला, परत आला. मी फोटो काढत राहिले. तेव्हा आवाज येत होता... टक, टक, टक. मध्ये थांबून पुन्हा. वर आल्यावर सोबत उतरलेल्या डायव्ह मास्टरला विचारलं. तो म्हणाला, पोपटमासा चोचीनं प्रवाळ फोडतो, त्याचा आवाज. मला पटलं. मी कुणाला काही बोलले नाही.

घरी आले. दुपारी ओसरीत लॅपटॉपवर फोटो दाखवत होते. अप्पा पहिल्यांदाच नीट बघत होते. "हा लई देखणा हाय... ह्याला काय म्हंतेत?" मी मनात म्हटलं, जमलं.

मग पिवळ्या माशाचा एक फोटो आला आणि अप्पांनी माझा हात धरला.

"मागं काय हाय?"

"दगड आहे, अप्पा."

"कडी हाय."

मी मोठं करून बघितलं. माशाच्या मागे घडीव दगडाची पायरी. पायरीत कडी, एका बाजूनं चपटी. तिच्यावर लाल काठ, पाण्यात हललेला.

मी बोलत सुटले. सावली असेल, गंज असेल, जुन्या जहाजाचं काही असेल, डोळे फसवतात... माझ्याच पत्रकातली वाक्यं. अप्पांनी मध्येच विचारलं, "आवाज आलता का?"

मी लॅपटॉप मिटायला हात घातला. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"म्हंजी पोर आल्ती. पायरीपतुर आल्ती. कडी वाजवत होती... अन् मी वरून माती लोटली तिच्यावर."

बापाचा जीव हलका करायला मी ते फोटो आणले होते.

त्या सोबत्यांना मी फोटो पाठवला. त्या कपारीत लोखंड नाही, ते पुन्हा उतरून बघून आले. कॅमेऱ्यात विहिरीचा फोटो कधीच नव्हता. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत तोच मासा आहे, मागे नुसतं प्रवाळ. कुणी 'आत्मा' म्हणालं तर मी आजही भांडेन.

अप्पांनी दुसऱ्या दिवसापासून विहीर उकरायला फावडं घेतलं. मजूर लावू देईनात. गाव म्हणालं, म्हातारा बिघडला. मी रजा टाकून मातीच्या पाट्या उचलल्या. हो, मीच. एका संध्याकाळी कडी लागली. काठ मातीत कुजून गेला होता, चिमटीत धरला तर तुटला.

अप्पांनी कडी तीनदा दगडावर वाजवली. मग खाली हात केला, आम्हाला द्यायचे तसा, आणि तसाच धरून बसले. मीही शेजारी गप बसले. अंधार पडेपर्यंत.

काहीच झालं नाही. त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. फोटोचं नाही.