बहिऱ्यांची सफारी आणि बाबांचा निरोप

केनियात एका गेंड्यानं मला बघून वाट सोडली, हे मी कुवेतमध्ये अब्बासियातल्या आमच्या खोलीत इतक्या वेळा सांगितलंय की आता तो गेंडा मलाही दिसतो. खरं म्हणजे तो आमच्याकडे पाठ करून चरत होता. आज गेंड्याचं राहू द्या. त्याच सफारीत, जीपमध्ये दुसरं जे झालं ते मी खोलीत कधी सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. आखाती लढाई संपली तेव्हा कुवेतमध्ये मोडक्या गाड्यांचे डोंगर पडले होते. मी शुवैखच्या एका गॅरेजात डेंटिंगच्या कामाला लागलो आणि दोन वर्षांनी त्यालाही बोलावून घेतलं. कारागीर तो माझ्यापेक्षा मोठा. आम्ही पत्र्यातला पोचा डोळ्यांनी शोधायचो. तो डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि केसाएवढा उंचवटा दाखवायचा. केसाच्या निम्म्याएवढा म्हणणार होतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

त्याच्या खुणा शाळेतल्या नव्हत्या, घरातच घडलेल्या. मिशीला पीळ म्हणजे मी. छातीवर मूठ ठेवून खोकायचं म्हणजे बाबा, कारण बाबांना दमा. गावाशी, मालकाशी, कागदपत्रांच्या कचेरीशी तो माझ्यामार्फत बोलायचा. सगळं जग त्याच्याकडे माझ्या हातांतून जायचं, आणि माझे हात माझ्या जिभेइतकेच सैल.

बाबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा शेजाऱ्यांनी फोनची वायर अंगणातून ओढत त्यांच्या खाटेपर्यंत आणली. इकडे टेलिफोन ऑफिसच्या बूथमध्ये मी, आणि काचेबाहेर भाऊ, माझ्या तोंडाकडे बघत. बाबांनी माझी चौकशी केली नाही. श्वास गोळा करून एवढंच म्हणाले, "धाकल्याकडं दे. कानाला लाव त्याच्या जरा."

मी म्हटलं, "त्याला काय ऐकाय येतंय, बाबा? मी सांगतो त्याला."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग "बरा" म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले. रजा आणि कागद जुळेपर्यंत बारावंही होऊन गेलं, म्हणून आम्ही गेलोच नाही.

भावानं विचारलं, बाबा शेवटचं काय म्हणाले? मी काय सांगणार? तुझ्याकडे फोन द्यायला सांगत होते आणि मी दिला नाही, हे? मी सांगितलं, ते म्हणाले, माझा धाकटा वाघ आहे. तो रडला आणि निवला. पण दर वर्षी त्या तिथीला तो पुन्हा विचारायचा, आणि मी असा माणूस की तीच गोष्ट दुसऱ्यांदा तेवढीच सांगणं मला कमीपणाचं वाटतं. पुढच्या वर्षी बाबा त्याच्या जन्माच्या दिवसाबद्दल बोलले. त्याच्या पुढच्या वर्षी त्याला पहिल्यांदा खांद्यावर घेऊन बंदरावर नेल्याचं. चौथ्या वर्षापर्यंत बाबांचं शेवटचं बोलणं कीर्तनाएवढं झालं. त्या वर्षी भावानं शेवटपर्यंत बघितलं, मग छातीवर मूठ ठेवून खोकला आणि हातांनी विचारलं, "एवढा दम कुठून आणला त्यांनी?"

मी म्हटलं, मरताना माणसाला बळ येतं. त्यानं मान हलवली, पण त्यानंतर तिथीला विचारायचं बंद केलं. नुसता बघायचा माझ्याकडे. ते जास्त वाईट होतं.

याच सुमाराला एका कुवेती गिऱ्हाइकाच्या गाडीचा दरवाजा भावानं सरळ केला. गिऱ्हाईक स्वतः बहिरा निघाला. हा कोकणातला, तो वाळवंटातला, पण अर्ध्या तासात दोघं हातांनी असे बोलायला लागले की मी चहा आणायला गेलो. दर शुक्रवारी भाऊ त्याच्या दिवाणियात, म्हणजे बाप्यांच्या बैठकीच्या खोलीत, जायला लागला. तिथं सगळेच बहिरे. त्यांनी हवल्लीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसातून आफ्रिकेतली सफारी ठरवली, खास बहिऱ्यांसाठी. तिथला वाटाड्याही बहिरा. भावाचा खर्च त्या कुवेती मित्रानं उचलला. विमानतळावर बोलायला एक ऐकणारा माणूस हवा होता, म्हणून माझीही वर्णी लागली. वाघसिंहांशी दुभाषेपण करायला मला नेलं असं मी गावी कळवलं.

पहिल्याच दिवशी जीपमध्ये माझी किंमत कळली. सात जण भराभर बोलत होते, हसत होते, आणि मी एकटा मुका.

वाटाड्याची पद्धत वेगळी होती. गाडी चालू असताना तो काही सांगायचा नाही, कारण हात चाकावर. जनावर दिसलं की थांबायचा, इंजिन बंद करायचा, मागे वळून आधी सगळी हकिगत हातांनी सांगायचा आणि मगच बोट करायचा. डोळे एकाच वेळी गोष्टीकडे आणि हत्तीकडे कसे लागतील? हत्ती बिचारे गोष्ट संपेपर्यंत थांबायचे. एकदा तर एक हत्तीणही मान वाकडी करून ऐकत होती. हे मात्र मी वाढवून सांगत नाही, फार तर मान जरा कमी वाकडी असेल.

त्याचं बोलणं भाऊ मला आमच्या घरच्या खुणांत सांगायचा, आणि माझ्यासाठी त्याचा एकच नियम होता. तुला ऐकू येतं, तर जे ऐकशील ते सगळ्यांना सांगायचं. काय झालं असं कोणी विचारलं तर "काही नाही" म्हणायचं नाही. "नंतर सांगतो" म्हणायचं नाही. हा नियम सांगताना सातही जण माझ्याकडे बघत होते. घरोघरी पंगतीत सगळे हसताना यांनी विचारलं असणार, काय झालं, आणि घरोघरी तेच उत्तर मिळालं असणार. माझ्या भावाला तर मीच दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे, उजाडता उजाडता, गाडी एका ओढ्याच्या काठाला थांबली. वाटाड्यानं सगळ्यांना तळहात गाडीच्या पत्र्यावर ठेवायला लावले. गवतात काही दिसत नव्हतं. अचानक भावानं बोट वर केलं. मला ऐकू आलं ते त्यानंतर. ओढ्यापलीकडे सिंह गरजत होता. शपथ घेऊन सांगतो, त्याला माझ्या आधी कळलं. पत्रा थरथरत होता, आणि माझ्या भावाचे डोळे मिटलेले, गॅरेजात असतात तसे. पण चेहरा गॅरेजातला नव्हता. एकजण छातीला हात लावून रडत होता.

गर्जना थांबल्यावर वाटाड्यानं आपलं सांगितलं: लहानपणी तो आईच्या पाठीला गाल लावून बसायचा. ती बोलली की त्याला कळायचं. शब्द नाहीत, आई बोलतेय एवढं.

 बाबांना हे माहीत होतं. लहानपणी भाऊ त्यांच्या छातीवर पालथा झोपायचा आणि ते त्याच्याशी तासन्‌तास बोलायचे. आम्ही हसायचो, बहिऱ्याशी काय बोलता म्हणून.

भावानं माझ्याकडे बघितलं. जवळ सरकला आणि आपला तळहात माझ्या गळ्यावर ठेवला. दुसऱ्या हातानं खुणा केल्या. "बोल. बाबा काय म्हणाले? तोंडानं बोल."

त्याला शब्द कळणार नव्हते. मी काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. पण त्या तळहातानं केसाएवढा उंचवटा ओळखताना मी दहा वर्षं बघितलं होतं.

मी बोललो, "धाकल्याकडं दे. कानाला लाव त्याच्या जरा." मग तेच हातांनी सांगितलं. त्याला वाटलं पुढे आणखी असेल. तो थांबून राहिला.

"एवढंच," मी खुणेनं म्हटलं.

"तू काय म्हणालास?"

तेही सांगितलं. 'बरा'सुद्धा सांगितलं.

त्यानं हात काढून घेतला आणि डोळे मिटले. ऐकणारा माणूस रुसला तर त्याच्या पाठीमागून तरी माफी मागता येते. बहिऱ्यानं डोळे मिटल्यावर मागायची कुठून? मी त्याच्या खांद्याला हात लावला, त्यानं झटकला. बाकीचे दुसरीकडे बघत राहिले, आणि वाटाड्यानं बराच वेळ गाडी चालू केली नाही.

कुवेतला परतल्यावर तो आठवड्याभरात हवल्लीला राहायला गेला, दिवाणियातल्या एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, शिंप्याच्या खोलीत. तोही बहिरा. गॅरेजात आम्ही शेजारी शेजारी काम करायचो, पण बोलणं पत्र्यापुरतं. खोलीतले लोक विचारायचे, धाकटा का गेला? मी त्यांना गेंड्याची गोष्ट सांगायचो.

पाचव्या शुक्रवारी तो दुपारी आला. मी भात टाकत होतो. बसला आणि विचारलं, आईचा फोन आला होता का?

आला होता. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर बसून सांगायला लागलो. नारळ पाडणारा अजून आलेला नाही. मागच्या पडवीची तीन कौलं माकडांनी फोडली. गाय आटली. शेजारीण तिच्याशी का बोलत नाही ते, आणि त्यात चूक कुणाची. तू पोटभर जेवतोस का, असं तिनं विचारलं. मग पुन्हा नारळ. माझ्या आयुष्यात इतकी नीरस गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. त्यानं एकदाही नजर हलवली नाही.

मग त्यानं विचारलं, "खोकत होती का?"

बाबांसारखं आईलाही हल्ली थंडीत व्हायचं. मी आठवून बघितलं. खोकली असेल, नसेलही. एक छानसं उत्तर हाताच्या टोकापर्यंत आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "लक्ष दिलं नाही."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. पुढच्या शुक्रवारी फोन किती वाजता येणार ते विचारून घेतलं आणि ताटं काढायला उठला.