उर्वीची शाळा पाहायला अकोटला

मला बढती मिळाल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या घरी पेढे आणायचं कोणाला सुचलंच नाही. बढतीसोबत बदली होती, जूनपासून, अमरावतीहून अकोटला, आणि बदलीसोबत उर्वीचा प्रश्न होता.

उर्वी माझी मुलगी, दहा वर्षांची. तिला जन्मापासून कमी दिसतं. पुस्तक नाकाजवळ धरलं की मोठी अक्षरं वाचते, रंग कळतात, ओळखीची माणसं चालीवरून ओळखते. पण फळा, पायऱ्या, दुरून येणारी सायकल हे सगळं तिच्यासाठी धूसर. अमरावतीत ती साध्या सरकारी शाळेत बाकीच्या मुलांसोबत शिकते. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळतात, विशेष शिक्षिका अधूनमधून येऊन तिच्याजवळ बसतात, परीक्षेला जास्त वेळ असतो. ही घडी बसायला बराच काळ गेला होता. अकोटला यातलं काय असेल, हे कोणालाच नीट सांगता येईना.

माझा नवरा नितीन अमरावतीत कॉलेजात शिकवतो, त्याला हलता येणार नव्हतं. त्यामुळे नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. पोरीला बापाजवळ ठेव. वसतिगृहात घाल. बढतीच घेऊ नको, पोरीपेक्षा नोकरी मोठी आहे का? हा शेवटचा सल्ला मला फार लागला, कारण मला ती बढती मनापासून हवी होती.

नितीन एवढंच म्हणाला, "आधी जाऊन पाहून ये. ‘नाही’ काय, घरी बसूनही म्हणता येते."

म्हणून जानेवारीत एका गुरुवारी मी आणि उर्वी निघालो. फिरायला जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. मुलांसाठी शाळा पाहायला जाणाऱ्यांसाठी फारसं दिसत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोटला थेट एसटी जाते आणि तेच सोयीचं. पण उर्वीला रेल्वे हवी होती, म्हणून आम्ही ऑटोने बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी पकडली. खिडकीतून थंड वारा येत होता. उर्वीने बाहेर हात काढला की मी आत ओढायची, असं मूर्तिजापूरपर्यंत चाललं. तिथे समोर बसलेल्या आजोबांनी तिला शकुंतलेबद्दल सांगितलं, इथून निघणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या छोट्या गाडीबद्दल.

"इतकी हळू चाले का बाई, मानूस उतरून बोरं तोडे आन पुन्हा चढे."

"खरंच तोडली तुमी?" उर्वीने विचारलं.

"एकडाव. मंग गाडी गेली ना निघून!"

उर्वी इतकी हसली की पलीकडच्या बाकावरची माणसंही हसायला लागली.

अकोल्यात स्टेशनबाहेर गरम आलूबोंडे खाल्ले आणि बसस्टँड गाठून अकोटची एसटी घेतली. महिलांना अर्धं तिकीट आहेच. मुलाकडे दिव्यांग ओळखपत्र असेल तर ते वरच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. उर्वीचं तळाशी होतं आणि कंडक्टरसमोर मला स्वेटर, डबा, टॉवेल सगळं बाहेर काढावं लागलं. पूर्णा नदी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना तूर आणि शेवटच्या वेचणीचा कापूस दिसू लागला. अकोट जवळ आलं तसे जिनिंग कारखान्यांकडे निघालेले कापसाचे ट्रॅक्टर पुढे लागले आणि बस त्यांच्यामागून रांगत गावात शिरली. लॉजवर तळमजल्याची खोली मागून घेतली. अशा मुलांसोबत जात असाल तर हे आधीच फोनवर विचारा, जिना अंधारा असतो. खोली साधी होती पण स्वच्छ, आणि सकाळी गरम पाणी मिळालं.

शुक्रवारी शाळेत गेलो. मी घरून भाषणच तयार करून नेलं होतं. उर्वीला किती दिसतं, काय जमतं, काय लागतं, अमरावतीत काय सोय आहे. मुख्याध्यापिका ठाकरे बाई पन्नाशीच्या, आवाज मोठा, टेबलावर हजेरीपटांचा ढीग. माझं भाषण त्यांनी अर्धं ऐकलं आणि हात वर केला.

"ताई, मी हे पोरीलेच विचारू का?"

बाई खुर्ची ओढून उर्वीच्या अगदी समोर बसल्या. "सांग बाई, तुले इथं काय काय पाहिजे?"

उर्वी थोडी चुळबुळली. "फळा काळा पाहिजे. हिरव्यावर मले काहीच दिसत नाही. आणि खडू पिवळा."

"होऊन जाईन. अजून?"

"वही जाड रेघांची. ती मी आणीन."

"अजून?"

उर्वीने माझ्याकडे मान वळवली, पुन्हा बाईंकडे वळवली. "मले पुढच्या बाकावर एकटीले नका बसवू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अमरावतीत ती फळ्याजवळ, पहिल्या बाकावर बसते. तिच्या जाड पुस्तकांना जागा लागते म्हणून तो पूर्ण बाक तिला दिलेला. ती सोय मीच मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत असे.

"का गं? तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तुला ते आवडत होतं ना."

ठाकरे बाई माझ्याकडे पाहतही नव्हत्या, बरं झालं. त्या उठल्या. "चाल, वर्गात बसून पाह्य. आवडलं तर पाहू, नाही आवडलं तर तसं सांगजो."

पाचवीच्या वर्गात गौरी नावाची एक मुलगी पुढच्या बाकावर होती. तिने दप्तर खाली सरकवलं आणि म्हणाली, "बस माह्या जोळ." मी दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहिले. गणिताचा तास चालू होता. गौरी फळ्यावरचं गणित पुटपुटत उतरवत होती आणि उर्वी ते ऐकून तोंडी सोडवत होती. थोड्या वेळाने उर्वीचा आवाज आला, "तू आकडा चुकीचा वाचला." गौरी म्हणाली, "नाही वाचला." सरांनी दोघींना गप्प केलं. गौरीने खरंच चुकीचा वाचला होता. ते दोघींचं हळू आवाजातलं भांडण ऐकताना मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. मुलगी बाकावरच्या सोबतिणीशी भांडते आहे, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मधल्या सुट्टीत मुलं धावत बाहेर निघाली आणि उर्वी त्यांच्यासोबत. व्हरांड्याच्या पायऱ्या आणि अंगण एकाच राखाडी सिमेंटची. ती हवेत पाय टाकल्यासारखी पडली. मी धावले, पण ठाकरे बाईंनी माझा दंड धरला.

"थांबा जरासक. उठते का पाहू."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला. उर्वी उठली. गुडघा खरचटला होता. पोरं भोवती जमली आणि एकाने कुठलाही आडपडदा न ठेवता विचारलं, "तुले पायरी नाही दिसली का?"

"नाही. सगळं एकच दिसते."

"मंग काय केल्यानं दिसन?"

"काठावर रंग असला की."

गौरी वर्गात पळाली आणि पिवळ्या खडूंचा डबा घेऊन आली. घंटा होईपर्यंत पाच-सहा पोरं पायऱ्यांवर ओणवी होऊन काठ रंगवत होती. कोणी वाकडा रंगवला म्हणून आरडाओरड चालू होती. उर्वी खाली उभी राहून "अजून जाड, अजून जाड" म्हणत होती. मग ती एकटी चढली, उतरली, पुन्हा चढली. ठाकरे बाईंनी शिपायाला हाक मारून ऑइलपेंटचं सांगितलं. गुडघ्याला हळद लावायचं मग मला आठवलं.

दुपारी विशेष शिक्षक वानखडे सर भेटले. मोटरसायकलवर गावोगावच्या शाळा करणारा माणूस, चेहरा उन्हाने रापलेला. मी विचारलं, तुम्ही उर्वीला किती वेळ द्याल?

"खरं सांगू का ताई? आठवड्यातून एकदा येईन. कधी तेही नाही जमत. मायाकडे शाळा लय आहेत. रोज तिच्यासंगं हेच लोक राहतीन, वर्गातले सर आन ही पोरं. मी त्यांनाच शिकवतो जास्त." मग म्हणाले, "पुस्तकांची मागणी आतापासूनच करा. उशीर केला तर जूनमधे पोरगी पुस्तकाबिगर बसते."

अमरावतीपेक्षा हे कमीच होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. वाचकांपैकी कोणी बदलीच्या गावी शाळा पाहायला जाणार असेल तर हे तीन प्रश्न विचाराच: विशेष शिक्षक प्रत्यक्षात कधी येतात, पुस्तकं कधी हाती पडतात, आणि पालकांची बैठक होते का.

बैठक त्याच दुपारी गट साधन केंद्रात होती. आसपासच्या गावांतल्या अशा मुलांची तपासणी, थेरपी, पालकांशी बोलणं हे सगळं तिथेच चालतं. सतरंजीवर पाच-सात आया, एक बाप, मधे चिवड्याची परात. माझ्याशेजारी हिवरखेडच्या छायाताई होत्या. त्यांचा मुलगा सुमेध चौदा वर्षांचा, त्याला चालता येत नाही, बोलणं सावकाश. त्याचं नाव शाळेत आहे, पण वानखडे सर त्याला घरी येऊन शिकवतात.

छायाताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "तुमी इथं पोरीसाठी येऊन राहिल्या का नोकरीसाठी?"

"नोकरीसाठी," मी म्हटलं. "पण तिच्याशिवाय नाही येणार."

"हव. मंग बरं." त्यांनी चिवडा माझ्याकडे सरकवला. "उद्या आमच्या घरी या जेवाले. सुमेधलेही कोनी भेटन."

शनिवारी सकाळी अकोटहून काळीपिवळीने हिवरखेडला गेलो. जीप भरेपर्यंत हलत नाही, तेवढा धीर ठेवा. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, रस्त्याकडेला केळी आणि संत्र्याच्या बागा. उर्वीला डोंगर दिसला नाही, पण संत्र्याचा वास तिला माझ्याआधी आला.

छायाताईंचं घर विहाराच्या मागे, रस्त्याला लागून. सुमेध ओट्यावर खुर्चीत बसला होता. उर्वी ओट्याच्या कडेला बसली. मग रस्त्यावर दूर कसलातरी आवाज आला आणि उर्वी म्हणाली, "ट्रॅक्टर. ट्रॉली रिकामी आहे."

सुमेधने मान लांब करून पाहिलं. ट्रॅक्टर वळणावरून दिसायला अजून वेळ होता. आला तेव्हा ट्रॉली रिकामीच होती. सुमेधला ते फार आवडलं. मग त्यांचा खेळच सुरू झाला. उर्वीने आवाजावरून वाहन सांगायचं आणि सुमेधने ते दिसल्यावर बरोबर की चूक ते ठरवायचं. त्याचे शब्द हळूहळू बाहेर येत आणि उर्वी घाई न करता थांबे. "चू...क. ए...सटी नाही. ट्रक." "ट्रकच होता, मी ट्रक म्हटलं!" "एसटी म्हट...लं." छायाताई आतून ओरडल्या, "सुमेध, चिटिंग करू नोको!" आणि तो खुर्चीत मागे रेलून हसला.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांगे-सोल्यांची भाजी, ठेचा. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, या दिवसांतच मिळतात. छायाताई म्हणाल्या, "पह्यल्यांदा सरांनी मीटिंगले बोलावलं तं मी गेलीच नाही. म्हटलं, सगळ्यांसमोर काहून रडाचं? मंग एकडाव गेली. तिथं कोनी रडून नव्हतं राहिलं. चिवडा खाऊन राहिले होते." निघताना त्यांनी माझा नंबर घेतला आणि पिशवीभर संत्री दिली. म्हणाल्या, "जूनमधे आल्या की सामान लावाले सांगजा. मी येतो."

मी येणार हे मी अजून कोणालाही सांगितलं नव्हतं.

परतीला हिवरखेडहून अकोट आणि तिथून दर्यापूरमार्गे एसटी घेतली. उर्वी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गुडघ्यावर खपली धरली होती. मी वाटभर जमाखर्च मांडत बसले. विशेष शिक्षक कमी वेळा येणार. पुस्तकांच्या मागे लागावं लागणार. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी अकोला गाठावं लागणार. दुसऱ्या बाजूला मांडायला गौरी होती, ठाकरे बाई होत्या, सुमेधचा ओटा होता. यांचा हिशेब कसा करायचा ते मला आलं नाही, आणि दर्यापूर सोडल्यावर मी तो नादही सोडला.

घरी नितीनने खिचडी करून ठेवली होती, जरा लागलेली. जेवताना उर्वी थांबेचना. गौरी, खडू, ट्रॅक्टर, बोरं तोडणारे आजोबा. तो ऐकत होता, हसत होता. तिचं संपल्यावर मी म्हटलं, "सोमवारी होकार कळवते."

"छान," तो म्हणाला. मग ताटातली खिचडी उगाच गोळा करत राहिला. मला वाटतं, तिघांनी एकत्र जेवायचे किती दिवस उरले, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. माझ्याही.

उर्वीला त्याचा चेहरा दिसला नसणार. पण चमच्याचा आवाज तिने ऐकला असावा. ती खुर्चीवरून उतरून त्याच्या अगदी जवळ गेली, वाचताना पुस्तकाजवळ जाते तशी.

"बाबा, तुम्हाला एकटं वाटेल का?"

"नाही गं."

"वाटलं तर सांगा. सांगितलं नाही तर आम्हाला कळणार नाही."

नितीनने चमचा खाली ठेवला.

"वाटेल," तो म्हणाला, आणि तिला मांडीवर ओढून घेतलं.